स्फुरदाचा खडक

(नभोवाणीवरील भाषण)

शेतकऱ्याच्या बोलण्यांत तीन शब्द नेहमीं येतात : नत्र, स्फुरद आणि पालाश. खताच्या पोत्यावर जे तीन आंकडे छापलेले असतात, ते या तिघांच्या प्रमाणाचे. यांपैकीं नत्र हवेंत अमर्याद आहे, आणि तें हवेंतून काढून घेण्याची विद्या मनुष्यास विसाव्या शतकाच्या आरंभीं साधली. पालाश मुख्यतः आटून गेलेल्या प्राचीन समुद्रांच्या मिठांतून मिळतें. त्याची गोष्ट समजावयास सोपी आहे. मधलें जें स्फुरद, म्हणजे फॉस्फरस या मूलद्रव्याचें संयुग, त्याची गोष्ट मात्र विलक्षण आहे, आणि तीच आज मी आपणांस सांगणार आहें.

फॉस्फरसाची ओळख आपल्याला घरांतच होते. काडेपेटीच्या ज्या खरबरीत बाजूवर आपण काडी ओढतों, त्या लेपांत तांबडा फॉस्फरस असतो. परंतु त्याहून जवळची ओळख आपल्या शरीरांत आहे. प्रौढ माणसाच्या अंगांत सुमारें सातशें ग्रॅम फॉस्फरस असतो व त्यांतील शेंकडा ८५ भाग हाडांत आणि दांतांत असतो. उरलेला थोडा दिसला तरी त्याचें काम मोठें आहे. आईबापांचे गुण मुलांत उतरविणारा जो सूक्ष्म धागा प्रत्येक पेशींत असतो त्याच्या घडणींत फॉस्फरस आहे, आणि पेशींतील शक्तीची सारी देवघेव फॉस्फरसयुक्त द्रव्याच्या द्वारेंच होते. कोळशाऐवजीं तेल चालतें, तेलाऐवजीं वीज चालते. फॉस्फरसाऐवजीं मात्र दुसरें कांहींहि चालत नाहीं. गव्हाच्या रोपाला तें चालत नाहीं, आणि गहूं खाणाऱ्या आपणांलाहि नाहीं.

शेतांतून दर हंगामांत धान्य निघतें, त्याबरोबर जमिनींतील स्फुरदहि निघून जातें. तें परत केलें नाहीं तर जमीन हळूहळू निःसत्त्व होते. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें शेतीचें हें रसायन १८४० मध्यें ग्रंथरूपानें मांडलें. पुढें दोनच वर्षांनीं, १८४२ मध्यें, इंग्लंडांत लॉज यानें हाडांवर व खनिज फॉस्फेटावर गंधकाम्लाची क्रिया करून सुपर फॉस्फेट हें खत बनविण्याचें पेटंट घेतलें. पुढें हाडें पुरेनात, तेव्हां माणसाची दृष्टि खडकाकडे वळली. आज जगांत दर वर्षीं वीस कोटी टनांहून अधिक स्फुरदयुक्त खडक खणला जातो, आणि त्याचा फार मोठा भाग प्राचीन उथळ समुद्रांच्या तळाशीं सांचलेल्या थरांतून येतो. या खडकास फॉस्फोराइट म्हणतात.

आतां प्रश्न असा कीं, समुद्राच्या तळाशीं एवढें स्फुरद गोळा झालें कसें? समुद्राचें पाणी खारट, म्हणून त्यांत सर्वच क्षार विपुल असतील असें आपणांस वाटतें. मिठाच्या बाबतींत तें खरें आहे. एक टन समुद्राच्या पाण्यांत सुमारें पस्तीस किलो क्षार असतात. फॉस्फरस मात्र खोल पाण्यांतहि टनामागें सत्तर मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमटीभरहि नव्हे. उलट, चांगल्या प्रतीच्या एक टन फॉस्फोराइटमध्यें फॉस्फरसाचें वजन सुमारें एकशेंतीस किलो भरतें. म्हणजे पाण्यांत होता त्याच्या जवळजवळ वीस लाख पटींनीं तो खडकांत दाट झाला. मिठागरांत पाणी आटवून मीठ काढतात, तो मार्ग येथें उपयोगीं पडत नाहीं; कारण अख्खा समुद्र आटला तरी एवढेंसें स्फुरद त्या मिठांत हरवूनच जाईल. तें वेंचून बाजूला काढणारा कोणीतरी पाहिजे. तो कोण, हें आपणांस शोधावयाचें आहे.

तीस-पस्तीस वर्षें मीं शाळेंत भूगोल शिकविला. हा प्रश्न वर्गांत टाकला कीं कोणी तरी चलाख मुलगा हमखास उठून म्हणे, "गुरुजी, समुद्रांत मासे मेले, त्यांचीं हाडें सांचलीं, त्यांचाच खडक झाला!" हा तर्क पुष्कळांना सुचतो, आणि त्याला आधारहि दिसतो. आफ्रिकेच्या वायव्य टोंकाला मोरोक्को देशांत खुरीबगा येथें १९२१ पासून या खडकाच्या खाणी चालू आहेत. तेथील थर सुमारें सात कोटी ते पावणेपांच कोटी वर्षांपूर्वींच्या दरम्यान सांचले. त्यांत शार्क माशांचे दांत आणि प्रचंड समुद्री सरड्यांचीं हाडें मुबलक सांपडतात. पाहणारा सहज म्हणेल कीं, जलचरांचा मसणवटा तो हाच!

परंतु या तर्काला धक्का देणारा पुरावा आपल्याच देशांत आहे. राजस्थानांत उदयपूरच्या आग्नेयेस झामरकोटडा नांवाचें गांव आहे. तेथें १९६८ मध्यें फॉस्फोराइटचा मोठा सांठा सांपडला. अरवलीचे ज्या थरांत तो आहे ते थर दीड अब्ज वर्षांहून अधिक जुने आहेत. त्या काळीं पृथ्वीवर मासा नव्हता, शिंपला नव्हता. हाड म्हणून वस्तूच निर्माण झालेली नव्हती. तरी खडक झाला. तेथील दगड कापून पाहिला तर त्यांत पापुद्र्यावर पापुद्रा चढून उभे राहिलेले लहानलहान स्तंभ दिसतात. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. उथळ पाण्याच्या तळावर सूक्ष्म जीवांची शेवाळासारखी साय पसरते, ती गाळाचे कण धरून ठेवते, त्यावर नवी साय येते. अशा थरांचे हे स्तंभ. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, झामरकोटड्याचें स्फुरद मुख्यतः या स्तंभांतच आहे, आणि स्तंभांच्या मधल्या जागेंत डोलोमाइट हा चुनखडीच्या जातीचा खडक आहे. जेथें जीव वसत होते तेथेंच स्फुरद जमलें, आणि ते जीव डोळ्यांना न दिसणारे होते. तेव्हां वेंचणाऱ्याचा शोध हाडांच्या ढिगांत न करतां तळाच्या गाळांत करावयास हवा.

हा शोध कसा लागत गेला तें पाहूं. चॅलेंजर नांवाच्या ब्रिटिश जहाजानें १८७२ ते १८७६ या काळांत जगांतील समुद्रांची पाहणी केली. आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाजवळ समुद्रांत अगुल्हासचा उथळ पठारी भाग आहे. तेथील तळावरून या जहाजानें स्फुरदाचे गोटे वर काढले. असे गोटे खोल महासागराच्या मध्यभागापेक्षां खंडांच्या कडेच्या उथळ भागांत अधिक आढळतात, हें पुढें दिसून आलें. १९३७ मध्यें काझाकोव्ह या रशियन भूशास्त्रज्ञानें त्याचें कारण सुचविलें. तो म्हणाला कीं, महासागराच्या खोल भागांतील थंड पाणी जेथें किनाऱ्यालगत वर चढून येतें, तेथें हा खडक होतो.

हें पाणी वर कां येतें, आणि त्यांत विशेष तें काय असतें? समुद्राच्या वरच्या, उजेडाच्या थरांत सूक्ष्म वनस्पति वाढतात व पाण्यांतील स्फुरद शोषून घेतात. त्या मेल्या, किंवा त्यांना खाणारे जीव मेले, म्हणजे त्यांचे अवशेष खालीं बुडतात, कुजतात, आणि स्फुरद खोल पाण्यांत मोकळें होतें. तेथें काळोख असतो; काळोखांत वनस्पति नाहींत, म्हणून तें घेणारा कोणी नाहीं. अशा रीतीनें वरचें पाणी कंगाल होतें व खालचें संपन्न होतें. आतां दक्षिण अमेरिकेंतील पेरूचा किंवा आफ्रिकेंतील नामिबियाचा किनारा डोळ्यांपुढें आणा. तेथें दक्षिणेकडून वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या भ्रमणामुळें वरचें पाणी वाऱ्याच्या दिशेनें सरळ न जातां डावीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर, लोटलें जातें. त्याची जागा भरून काढण्यासाठीं खालचें थंड पाणी वर येतें आणि स्फुरद घेऊन येतें. आपल्याकडेहि केरळपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्याजवळ नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत असें पाणी कांहीं अंशीं वर येतें.

हें पाणी उजेडांत आलें कीं सूक्ष्म वनस्पतींना सुगीचे दिवस येतात. त्यांच्यावर मासे पोसतात, माशांवर पक्षी पोसतात. पेरूच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे जे डोंगर सांचले होते आणि एकोणिसाव्या शतकांत जहाजें भरभरून खत म्हणून युरोपांत गेले, ते या वर आलेल्या पाण्याच्याच पुण्याईचे.

काझाकोव्हचा समज असा होता कीं, वर आलेल्या पाण्यांतून स्फुरद सरळ निवळून तळाशीं बसतें. पुढील संशोधनानें त्याच्या म्हणण्याचा पूर्वार्ध पक्का केला व उत्तरार्ध बदलला. स्फुरद खडकांत उतरतें तें तळाच्या चिखलाच्या आंत, वरच्या कांहीं सेंटिमीटरांत. मेलेल्या जीवांचा पाऊस तळावर सतत पडत असतो. समुद्र खोल असेल तर त्यांतील बहुतेक भाग वाटेंतच कुजून जातो. उथळ असेल तर तो तळापर्यंत पोंचतो. एवढी कुजणारी द्रव्यें एकत्र आल्यावर चिखलांतील प्राणवायु संपून जातो. लोखंडाच्या गंजाचे जे कण स्फुरद धरून बसलेले असतात, ते प्राणवायूच्या अभावीं विरघळतात आणि तें स्फुरद सोडून देतात. चिखलाच्या कणांमध्यें अडकलेलें पाणी असें स्फुरदानें भरून जातें. समुद्राच्या पाण्यांत कॅल्शियम आहे, थोडें फ्लुओरीनहि आहे. ह्या तिन्हींचा संयोग होऊन ॲपेटाइट नांवाच्या खनिजाचे बारीक कण बनूं लागतात. आपल्या दांतांचें व हाडांचें खनिज याच कुळांतलें आहे.

या कामांत सूक्ष्मजंतूंचा हात किती मोठा असतो, हें अलीकडे उघड झालें. नामिबियाच्या किनाऱ्याजवळील दुर्गंधि चिखलांत हाइडे शुल्त्स या जर्मन संशोधक बाईंना १९९७ मध्यें एक जंतु सांपडला. १९९९ मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्याचें नांव थायोमार्गारिटा, म्हणजे गंधकाचा मोती. मोठ्यांत मोठा असला तर तो पाऊण मिलिमीटरपर्यंत भरतो. जंतूंच्या मानानें हा राक्षसच, कारण तो भिंगाविना दिसतो. याची वागणूक जुन्या काळच्या धोरणी शेतकऱ्यासारखी आहे. सुकाळांत कणगी भरावी व दुष्काळांत उपसावी, तसा हा अनुकूल दिवसांत स्फुरद पोटांत सांठवितो, आणि प्राणवायूचा दुष्काळ पडला कीं तो सांठा मोडून जगण्यापुरती शक्ति मिळवितो. सांठा मोडतांना सुटलेलें फॉस्फेट तो चिखलांत टाकून देतो. असे असंख्य जंतु एका पातळ थरांत एकवटलेले असल्यामुळें तेथील पाणी स्फुरदानें इतकें दाट होतें कीं त्यांतून ॲपेटाइट बाहेर पडावेंच लागतें. २००५ मध्यें हा संबंध प्रयोगानें व मोजमापानें दाखविण्यांत आला. आपण ज्याला शोधीत होतों, तो वेंचणारा हा.

तरीहि एवढ्यानें खाण होत नाहीं. चिखलांत विखुरलेले कण म्हणजे कोंड्यांत मिसळलेले दाणे. दाणे वेगळे करावयाचे तर सूप हवें. हें सुपाचें काम लाटा व प्रवाह करतात. ॲपेटाइटचे कण चिखलापेक्षां जड असतात. समुद्राची पातळी उतरली किंवा प्रवाह बळावले, म्हणजे तळ ढवळला जातो, हलका चिखल वाहून जातो आणि जड कण मागें राहतात. मग पुन्हां चिखल सांचतो, पुन्हां कण बनतात, पुन्हां पाखडणी होते. हें लाखों वर्षें चाललें, तर खणण्याजोगा थर तयार होतो. आणि म्हणूनच तो उथळ समुद्र लागतो; अथांग पाण्याच्या तळाला लाटा पोंचत नाहींत.

आणखी एक अट आहे. जवळपास मोठी गढूळ नदी नसावी; नाहींतर तिचा गाळ येऊन स्फुरदाचे कण त्यांत बुडून जातील. पेरू व नामिबिया यांचे किनारे पाहिले तर दोन्हीकडे जमिनीवर वाळवंट आहे. समुद्र इतका सुपीक आणि कांठ इतका ओसाड, हा योगायोग नव्हे. वर आलेलें थंड पाणी हवेला थंड ठेवतें, त्यामुळें पाऊस पडत नाहीं. पाऊस नाहीं म्हणून नद्या नाहींत, आणि नद्या नाहींत म्हणून गाळ नाहीं.

आतां मोरोक्कोचे शार्कचे दांत कोठून आले, याचें उत्तर मिळतें. अन्न विपुल होतें म्हणून मासे विपुल होते. पाखडणी चालू होती म्हणून त्यांचे जड दांत व हाडें कणांबरोबर मागें राहिलीं. थरांत त्यांनीं थोडी भर घातली हें खरें, पण तो थर घडविला जंतूंनीं आणि प्रवाहांनीं. तो समुद्र उथळ व कांठाजवळचा होता याचा एक सुंदर पुरावाहि त्याच थरांत मिळाला आहे. २००९ मध्यें तेथील एका लहान सस्तन प्राण्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्याचें नांव एरिथेरियम. तो सुमारें सहा कोटी वर्षांपूर्वींचा, वजन अवघें पांच-सहा किलो, आणि तरी तो हत्तीच्या कुळांतला. त्या कुळांतील ज्ञात प्राण्यांत सर्वांत जुना. जमिनीवरील अशा प्राण्याचे अवशेष समुद्राच्या थरांत यावयाचे, तर जमीन जवळच असली पाहिजे.

श्रोतेहो, आतां काळाचा हिशेब करूं. पेरूजवळच्या तळावरील गोट्यांचें वय युरेनियमच्या साहाय्यानें मोजलें आहे. ते हजार वर्षांत कांहीं मिलिमीटर या बेतानें वाढतात. नामिबियाजवळचे कांहीं गोटे भूशास्त्राच्या दृष्टीनें अगदीं ताजे आहेत, हें बातूरिन या रशियन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७२ मध्यें दाखविलें. म्हणजे हा कारखाना बंद पडलेला नाहीं. पण त्याची चाल अशी कीं, करंगळीच्या पेराएवढा गोटा व्हावयास कित्येक हजार वर्षें जावीं लागतात. वर सांगितलेल्या सर्व अटी एकाच जागीं व एकाच काळीं जुळून येणेंहि विरळा. म्हणून पृथ्वीच्या इतिहासांत असे खडक कांहीं थोड्या कालखंडांतच विपुल झाले, आणि पृथ्वीच्या पाठीवर ते सर्वत्र सारखे वांटलेले नाहींत. आज ज्ञात असलेल्या सांठ्यांपैकीं शेंकडा सत्तरच्या आसपास एकट्या मोरोक्कोच्या व त्याच्या ताब्यांतील पश्चिम सहाराच्या हद्दींत आहेत. आपल्याकडे झामरकोटडा आहे, मसुरीच्या डोंगरांतहि असे थर आहेत. पण देशाची गरज त्यांनीं भागत नाहीं. आपण कच्चा खडक, त्याचें आम्ल व तयार खत हीं मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आणतों. मुंबईजवळ तुर्भ्याच्या कारखान्यांत जें सुफला खत बनतें, त्यासाठीं लागणारा स्फुरद-खडकहि बाहेरूनच येतो. विदर्भांतल्या ज्वारींत किंवा नाशिकच्या द्राक्षांत एखाद्या अतिप्राचीन समुद्राच्या तळाचा अंश असणें अगदीं संभवनीय आहे.

आणि पुढें त्याचें होतें काय? धान्य शहरांत येतें, आपल्या ताटांत येतें, आणि मग गटारांतून नदींत किंवा समुद्रांत जातें. नदी-तलावांत तें साचलें तर जलपर्णी माजते, पाणी हिरवें होतें, त्यांतील प्राणवायु संपतो व मासे मरतात. समुद्रांत गेलें तर तें अफाट पाण्यांत विरून जातें. निसर्गानें जंतूंच्या व लाटांच्या हातून लाखों वर्षांत जें वीस लाख पटींनीं दाट केलें, तें आपण एका हंगामांत पुन्हां पातळ करून टाकतों. मूलद्रव्य नष्ट होत नाहीं हें खरें; पण पाण्यांत विरलेलें स्फुरद मनुष्याला परत गोळा करतां येत नाहीं, आणि समुद्र तें आपल्या सवडीनेंच परत देणार. ती सवड आपल्या नातवंडा-पणतवंडांना उपयोगी पडण्याजोगी नाहीं.

उद्यां खाणी संपणार आहेत असें मी म्हणत नाहीं. सांठे अजून मोठे आहेत. पण ज्या वस्तूला पर्याय नाहीं, जी मोजक्याच ठिकाणीं आहे व जी नव्यानें होण्यास युगें लागतात, ती वापरतांना हात राखणें हें शहाणपण आहे. शेतकऱ्यानें माती तपासून घेऊन मगच खत द्यावें, म्हणजे जमिनीला नको असलेलें स्फुरद वाहून जाणार नाहीं. शेण, काडीकचरा, हाडांचा चुरा हीं जमिनीचींच आहेत. तीं जमिनीला परत जावीं. शहरांतील घरांनीं ओला कचरा वेगळा ठेवला तर त्याचें खत होतें. सांडपाण्यांतून स्फुरद परत काढण्याची विद्याहि आतां सिद्ध झाली आहे. त्यांत मॅग्नेशियम मिसळून स्ट्रुव्हाइट नांवाचे खडे पाडतात व ते खत म्हणून वापरतात. स्वित्झर्लंड व जर्मनी या देशांनीं सांडपाण्याच्या गाळांतून स्फुरद काढून घेण्याविषयीं कायदेहि केले आहेत. त्या देशांत स्फुरदाच्या मोठ्या खाणी नाहींत. आपल्यालाहि त्या पुरेशा नाहींत, म्हणून त्यांचें हें धोरण आपण लक्षपूर्वक पाहण्याजोगें आहे.

शेतांतून शहरांत आलेलें स्फुरद शेताकडे परत नेण्याची वाट आपण बांधली, तर समुद्राला त्याच्या संथ गतीनें आपलें काम करूं देणें आपल्याला परवडेल.